अर्ज भरणारे उदंड, समजावणारा कोण?



पेरणीचे दिवस आले की गावात तीन माणसे हमखास फिरकतात. एक बियाण्याच्या कंपनीचा, दुसरा कर्जाचे नवेजुने करून देणारा आणि तिसरा विम्याचा. पहिल्या दोघांना आपण चांगले ओळखून आहोत. सरकी उगवली नाही तर पिशवी घेऊन दुकानात जाता येते. व्याज किती लागले ते बोटावर मोजता येते. तिसऱ्याचा माल मात्र निराळा आहे. तो कागद विकतो. पैसे आज घ्यायचे आणि माल द्यायचा तो पीक बुडाल्यावर, आणि तोही कागदातल्या अटी जुळल्या तर. असा माल विकणाऱ्याला स्वतःला तो माल कितपत कळतो, त्याला कोणी शिकवले, त्याची परीक्षा कोणी घेतली आणि शेवटची कधी घेतली, हे आपण विचारत नाही. हप्ता किती आणि भरपाई किती यावर आपली भांडणे होतात, ती रास्तच आहेत. पण भरपाई बुडते तिचे मूळ पुष्कळदा अर्ज भरण्याच्या दिवशी असते. त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाला काही माहीत नसते आणि आपल्याला त्याच्याहून कमी माहीत असते.

या वेळच्या जिल्हा मेळाव्यात याच गोष्टीवर बोलायचे आहे. विषय रूक्ष वाटेल. रुमणे हातात घेऊन रस्त्यावर येण्यासारखा तो नाही. पण खिशाशी त्याचा संबंध सरळ आहे.

एजंटाची शाळा कशी आखडत गेली

आपल्याकडे विमा एजंटाला परवाना लागतो ही गोष्ट १९३८ च्या विमा कायद्यापासूनची. १९५६ साली आयुर्विमा सरकारी झाला, १९७३ पासून सर्वसाधारण विमाही सरकारी झाला आणि एजंट हा त्या महामंडळांचा माणूस झाला. १९९३ साली रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९९४ ला आला, आणि १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण उभे राहिले. खासगी कंपन्यांना दार उघडताना प्राधिकरणाने २००० साली एजंटांसाठी नियम केले. नव्या एजंटाने शंभर तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हायची, मग परवाना. परवान्याची मुदत तीन वर्षे. नूतनीकरणापूर्वी पुन्हा पंचवीस तासांचे प्रशिक्षण.

नियम वाईट नव्हता. विकणाऱ्याने शिकावे आणि शिकत राहावे ही दोन्ही कलमे त्यात होती. पुढे काय झाले? काही वर्षांतच शंभर तासांचे पन्नास तास झाले. २०१५ साली विमा कायदा बदलला. परवाना देण्याचे काम प्राधिकरणाकडून गेले आणि एजंट नेमण्याचा अधिकार थेट कंपनीला मिळाला. १ एप्रिल २०१६ पासूनच्या नियमांत दहावी पास माणसाने परीक्षा द्यायची, कंपनीने नेमणूकपत्र द्यायचे, एवढे उरले. परीक्षा पन्नास प्रश्नांची, एका तासाची, पस्तीस टक्क्यांना पास. तीन वर्षांच्या परवान्याबरोबर नूतनीकरणाच्या वेळची सक्तीची उजळणीही गेली. जो माल विकायचा त्याची एजंटाला किती उजळणी द्यायची, हे आता मुख्यतः त्याची कंपनी ठरवते. कंपनीच्या वर्गात काय शिकवत असतील? माल कसा खपवायचा, हेच आधी शिकवणार. तो तिचा धंदा आहे, त्यात नवल नाही.

२०१५ सालीच ‘पॉइंट ऑफ सेल’ म्हणजे जागेवर विमा विकणाऱ्यांचा आणखी एक वर्ग निघाला. मोटारीच्या विम्यासारखे सोपे, ठरीव साच्याचे विमे त्याने विकायचे. त्याला कंपनीनेच पंधरा तास शिकवायचे आणि कंपनीनेच परीक्षा घ्यायची. २०२३ च्या ऑक्टोबरात ‘विमा वाहक’ या नावाने ग्रामपंचायतीगणिक माणूस, शक्यतो बाई, नेमण्याच्या सूचना निघाल्या. विमा गावोगाव पोचावा या हेतूला आमचा विरोध नाही. आमच्या लेकीबाळींना गावातच काम मिळाले तर आनंदच आहे. पण शंभर, पन्नास, पंधरा हा उतार पाहा. विमा जसजसा गावाकडे उतरतो, तसतसे विकणाऱ्याचे शिक्षण उतरत जाते.

लहान गाव, कमी शाळा

२००० च्या त्याच नियमांतले एक कलम पाठ करून ठेवण्यासारखे आहे. पाच हजार किंवा त्याहून जास्त वस्तीच्या गावातला एजंट बारावी पास हवा. वस्ती त्याहून कमी असेल तर दहावी चालेल.

यामागचा युक्तिवाद कळतो. लहान गावात बारावी झालेला माणूस मिळायचा नाही, मग एजंटच मिळायचा नाही. पण याची दुसरी बाजू पाहा. शहरातल्या पगारदाराला महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पैसा मिळतो. त्याचा विमा सोपा. आपली मिळकत पावसावर, बोंडअळीवर आणि बाजारावर. ती वर्षातून एकदा येते आणि तीन वर्षांतून एकदा येतही नाही. कोणता विमा घ्यावा, हप्ता कोणत्या महिन्यात पडावा, हप्ता चुकला तर काय होईल, हे सांगायला कोरडवाहू गावात जास्त जाणकार माणूस लागतो. नियमाने उलटे ठरवले. ज्याची जोखीम मोठी त्याला सल्लागार कमी शिकलेला. पुढे २०१६ साली सगळ्यांनाच दहावी पुरेशी झाली. म्हणजे समानता आली खरी, पण खालच्या पायरीवर.

नावापुढची अक्षरे

एजंट मंडळींची कार्डे आपण पाहतो. कोणी ब्रँच मॅनेजर क्लबचा सदस्य असतो, कोणी झोनल मॅनेजर क्लबचा, कोणी चेअरमन क्लबचा. कोणाच्या कार्डावर एमडीआरटी ही इंग्रजी अक्षरे सोनेरी शाईने छापलेली असतात. हे पाहून आपला माणूस दबतो. एवढी पदवी म्हणजे केवढे शिक्षण!

या पदव्या खोट्या नाहीत, पण त्या कशाच्या आहेत ते माहीत हवे. क्लबाचे सदस्यत्व मिळते ते एजंटाने किती धंदा आणला यावर. एमडीआरटी म्हणजे ‘मिलियन डॉलर राउंड टेबल’, १९२७ साली अमेरिकेत सुरू झालेली विमा विक्रेत्यांची संस्था. तिच्यात शिरायला विक्रीचा किंवा कमाईचा ठराविक आकडा गाठावा लागतो. बाजार समितीतल्या अडत्याने सर्वांत जास्त गाड्यांचा कापूस विकला म्हणून त्याला कापसाची प्रत कळते असे आपण धरत नाही. तसेच हे आहे.

ज्ञानाच्या पदव्याही आहेत. भारतीय विमा संस्था १९५५ पासून आहे आणि तिच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो अशा चढत्या परीक्षा आहेत. अभ्यास करून, पेपर सोडवून त्या मिळवाव्या लागतात. पुण्यात राष्ट्रीय विमा अकादमी आहे. म्हणजे देशात शिकवणारे नाहीत असे नाही. या परीक्षा बहुतेक कंपन्यांतले कर्मचारी आणि अधिकारी देतात, बढतीसाठी त्यांना त्या उपयोगी पडतात. गावात येणाऱ्या माणसाला त्या सक्तीच्या नाहीत आणि त्या दिल्याने त्याची कमाई रुपयानेही वाढत नाही. मग तो कशाला देईल? त्याची कमाई वाढते ती जास्त हप्त्याची पॉलिसी खपवल्याने. आयुर्विम्यात पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत कमिशनची मुभा कायद्याने अनेक वर्षे दिलेली होती. २०२३ च्या एप्रिलपासून मालागणिक मर्यादा काढल्या आणि कमिशन ठरवण्याचे काम, एकूण खर्चाच्या मर्यादेत, कंपन्यांच्या संचालक मंडळांकडे गेले. कापसाचा पैसा दिवाळीनंतर हातात आला की वीस वर्षांच्या मुदतीची पॉलिसी गळ्यात पडते आणि दुसऱ्या वर्षी पीक गेले की हप्ता थकतो. यात एकट्या एजंटाचा दोष मानू नका. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात ती गोष्ट माणूस शिकतो.

पीक विमा: सुरुवात कपाशीपासून

आता पीक विम्याकडे येऊ. या देशात पीक विम्याचा पहिला प्रयोग झाला तो १९७२-७३ साली गुजरातेत, एच-४ या संकरित कपाशीवर. पुढे तो महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत नेला. प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे पाहायचे अशी ती पद्धत होती. १९७८-७९ पर्यंत त्यात ३,११० शेतकरी आले, हप्ता जमला ४ लाख ५४ हजार आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. योजना बंद पडली. शेताशेताला जाऊन पीक पाहणारी, पिकाची समज असलेली आणि दोन्ही बाजूंना मान्य होणारी माणसे उभी करणे कोणाला परवडले नाही, हाही त्यातला धडा होता.

मग प्रा. वि. म. दांडेकरांनी वेगळी वाट सुचवली. एकेक शेत पाहू नका, सारख्या हवामानाचा सबंध परिसर एक धरा, त्याचे सरासरी उत्पादन मोजा, ते खाली गेले तर सगळ्यांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. १९७९ च्या प्रायोगिक योजनेपासून आजपर्यंत आपला पीक विमा मुख्यतः याच पायावर उभा आहे. १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९-२००० च्या रब्बीपासूनची राष्ट्रीय योजना आणि २०१६ च्या खरिपापासूनची पंतप्रधान पीक विमा योजना, या सगळ्या त्याच घराण्यातल्या.

या पद्धतीत एक गोष्ट घडली ती कोणी फारशी बोलत नाही. परिसर धरला आणि विमा कर्जाला जोडला. त्यामुळे विमा समजावून विकण्याची गरजच संपली. बँकेने कर्ज देताना हप्ता कापून घ्यायचा. शेतकऱ्याला विमा आहे हेच कित्येकदा पासबुकात पाहून कळायचे. ज्या मालाला गिऱ्हाईक राजी करावे लागत नाही, त्या मालाचा जाणकार विक्रेता तयार होत नाही. तीस-पस्तीस वर्षे पीक विमा असा चालला.

निर्णय आपल्याकडे आला

२०२० च्या खरिपापासून हे बदलले. कर्जदारालाही विमा ऐच्छिक झाला. ऐच्छिकपणा ही आपली जुनी मागणी, म्हणून त्याचे स्वागतच. पण निर्णय आपल्याकडे आला की त्याबरोबर एक ओझेही येते. घ्यावा की न घ्यावा हे ठरवायला माहिती लागते. ती देणारा कोण?

आज बहुतेक अर्ज भरले जातात ते गावच्या सामुदायिक सेवा केंद्रात. केंद्राचा चालक आपल्याच गावचा पोरगा. सातबारा, आधार, वीजबिल, रेल्वेचे तिकीट, सगळे तोच काढतो आणि पावसाळ्यात विमाही. अशा केंद्रांतून विमा विकण्यासाठी नियामकाने २०१५ साली वेगळे नियम केले आणि त्यांत प्रशिक्षणाची व परीक्षेचीही तरतूद आहे. पण केंद्रावर गर्दी असते तेव्हा काय होते ते आपण पाहतो. सर्व्हर बंद, बाहेर रांग, शेवटची तारीख उद्या. अशा वेळी तो समजावील काय आणि आपण ऐकू काय? आपल्या राज्यात एका अर्जामागे कंपनीने त्याला चाळीस रुपये द्यायचे असा दर ठरला. समजावण्याचे त्यात काही नाही, चाळीस रुपये अर्जाचे.

याचा परिणाम एक रुपयाच्या योजनेत उघड दिसला. २०२३ च्या खरिपापासून राज्याने शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला. अर्जांचा पूर आला. त्यांत बोगस अर्जही आले, सरकारी जमिनीवर आणि दुसऱ्याच्या शेतावर विमा काढल्याचे निघाले, काही केंद्रांवर कारवाई झाली. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली आणि शिक्षा सगळ्यांना झाली. अर्जाच्या संख्येवर पैसे दिले तर अर्ज वाढतात. ज्वारीच्या ताटाच्या उंचीवर बक्षीस ठेवले तर शेतकरी कणसाकडे कशाला पाहील?

काय समजावून सांगायला हवे

विमा विकणाऱ्याला नेमके काय यायला हवे ते आपल्या पिकांवरून पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

मंडळातल्या ज्वारीची गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १,००० किलो आहे असे धरा. जोखीम स्तर ७० टक्के. म्हणजे उंबरठा उत्पादन ७०० किलो. यंदा कापणी प्रयोगात मंडळाची सरासरी ५६० किलो आली. तूट १४० किलो, म्हणजे उंबरठ्याच्या वीस टक्के. विमा रक्कम हेक्टरी ३०,००० असेल तर भरपाई ६,००० रुपये. आता मंडळाची सरासरी ७२० आली, पण तुमचे शेत नाल्याकाठचे आणि सगळे खरडून गेले. या हिशेबात भरपाई शून्य. हे पाच मिनिटांत पाटीवर मांडता येते. ते मांडून दाखवल्यावर हप्ता भरायचा की नाही हे शेतकरी आपल्या अकलेने ठरवील, कोणी ढकलायची गरज नाही.

दुसरी गोष्ट. ज्वारी दाण्यावर असताना पाऊस लागला की कणीस काळे पडते. काटा सांगतो वजन, पण बाजारात भाव कोसळतो. कपाशीचे तेच. गुलाबी बोंडअळीने शेवटच्या वेचणीत कवडीचा कापूस निघाला तर वजन थोडेफार भरते आणि भाव मात्र जातो. हा विमा उत्पादनाच्या वजनाचा आहे. रंगाचा नाही, प्रतीचा नाही, भावाचा तर मुळीच नाही. मग कपाशीच्या कापणी प्रयोगात प्रत्येक वेचणीचे वजन नोंदावे लागते. एखादी वेचणी अंदाजाने लिहिली की सबंध मंडळाचा आकडा बिघडतो. म्हणून प्रयोगाच्या दिवशी गावकऱ्यांनी हजर राहावे, हेही विमा विकतानाच सांगायला हवे.

तिसरी गोष्ट, बदलते नियम. २०२४ पर्यंत आपल्याला शिकवले होते की गारपीट झाली, शेतात पाणी साचले तर ७२ तासांत कळवा. २०२५ च्या खरिपात राज्याने स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणे आणि काढणीनंतरचे नुकसान ही संरक्षणे योजनेतून काढली आणि कापणी प्रयोगावरची भरपाई तेवढी ठेवली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला जास्तीत जास्त पाच टक्के झाला. ॲग्रिस्टॅकचा शेतकरी क्रमांक आणि ई-पीक पाहणी सक्तीची झाली. पाहणीत कपाशी आणि अर्जात सोयाबीन असे निघाले तर अर्जच अडचणीत. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली. ज्याला हा बदल अर्ज भरताना कोणी सांगितला नव्हता, तो ७२ तासांच्या हिशेबाने धावपळ करणारच.

२०१६ साली परीक्षा दिलेला एजंट घ्या. त्यानंतर २०२० चा बदल झाला, २०२३ चा झाला, २०२५ चा झाला. यांतले काही त्याच्या पेपरात नव्हते, असायचे कारणही नव्हते. कीटकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला बीटी वाणांवर गुलाबी बोंडअळी उलटल्यानंतरचे शास्त्र नव्याने शिकावेच लागले. शिक्षण एकदाच होते ही समजूत शेतीत चालत नाही. विम्यात ती का चालावी?

टेक्सासचा कोरडवाहू कापूस

अमेरिकेत टेक्सास राज्यात लबक शहराभोवती पावसावरचा कापूस मोठ्या प्रमाणावर पिकतो. तिथे पीक विम्याला केंद्र सरकारचे अनुदान आणि पाठबळ आहे, पण पॉलिसी विकतो तो खासगी कंपनीचा एजंट. त्याला राज्याचा परवाना लागतो आणि तो टिकवायला दर दोन वर्षांत चोवीस तासांचे शिक्षण घ्यावे लागते. त्यांत व्यवसायनीतीचे तासही सक्तीचे. बहुतेक अमेरिकन राज्यांत असाच नियम आहे. तिथल्या पुष्कळ पॉलिसींत शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेताचे चार ते दहा वर्षांचे उत्पादन हिशेबात धरतात, त्यामुळे एजंटाला गिऱ्हाइकाच्या शेताची नोंद वर्षानुवर्षे पाहावी लागते.

तिथले सगळे सोने आहे असे म्हणायचे नाही. त्यांच्या अनुदानांची आणि आपली बरोबरी होत नाही, आणि तिथलाही एजंट कमिशनवरच जगतो. घेण्यासारखी गोष्ट एकच. तिथे परवाना आणि शिक्षण एकत्र बांधलेले आहेत. शिक्षण थांबले की परवाना जातो.

परवानाराज नको, जबाबदारी हवी

इथे आपल्यातलेच काही कार्यकर्ते कपाळाला आठ्या घालतील. परवान्यांनी आणि परमिटांनी शेतकऱ्याला आजवर छळले. आता आपणच आणखी एक दाखला मागायचा? आणखी एक खिडकी, आणखी एक साहेब, आणखी एक पाकीट?

शंका खरी आहे. कागदी प्रमाणपत्र वाढवून ज्ञान वाढत नाही, दलाल वाढतात. संगणकासमोर हजेरी लावून तास भरून काढायची युक्ती शोधायला कोणाला वेळ लागणार नाही. म्हणून नुसते तास वाढवा असे आम्ही म्हणत नाही. शिकवायचे काय, शिकवणार कोण आणि शिकूनही चुकीचे सांगितले तर जबाबदार कोण, या तीन गोष्टी बांधल्या पाहिजेत.

याला आपल्याकडेच नमुना आहे. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ साली एक पदविका सुरू केली. अठ्ठेचाळीस आठवडे, आठवड्यातून एक दिवस, चाळीस वर्ग आणि आठ शेतभेटी. दुकान बंद न ठेवता शिकता येते. औषध विकणाऱ्याला औषध कळावे, ही त्यामागची कल्पना. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा विकणाऱ्याच्या अज्ञानाची किंमत काय असते ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पीक विम्यातल्या अज्ञानाने माणूस त्याच दिवशी मरत नाही, एवढाच फरक. घर मात्र त्यानेही बसते.

मेळाव्यापुढचे ठराव

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे हे ठराव मांडत आहोत. चर्चा करा, दुरुस्त करा, पण मोघम टाळ्या वाजवून मंजूर करू नका.

एक. पीक विम्याचे अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो एजंट असो की केंद्रचालक, प्रत्येक हंगामाच्या आधी त्या हंगामाच्या नियमांचे एक दिवसाचे शिक्षण तालुक्याच्या ठिकाणी मिळावे. ते मराठीत असावे आणि शेतकऱ्यांनाही तिथे बसता यावे. बंद खोलीतले शिक्षण नको.

दोन. अभ्यासक्रम करताना अकोल्याच्या आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांना बरोबर घ्यावे. उंबरठा उत्पादन, कापणी प्रयोग, वेचण्या, काळी ज्वारी, हे विषय विमा कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने शिकवायचे नाहीत.

तीन. भरलेल्या अर्जाच्या पावतीवर भरणाऱ्याचे नाव, त्याने शेवटचे शिक्षण कोणत्या हंगामात घेतले ते आणि कोणत्या जोखमी आहेत, कोणत्या नाहीत, हे मोठ्या मराठी अक्षरांत छापावे.

चार. भरणाऱ्याच्या चुकीने दावा बुडाला तर शेतकऱ्याने त्याच्यामागे धावायचे नाही. ज्या कंपनीसाठी तो अर्ज भरतो तिने भरपाई द्यावी, आणि मग आपल्या माणसाचे काय करायचे ते करावे. ही जबाबदारी अंगावर आली की कंपन्या आपणहून शिकवू लागतील, वेगळा साहेब नेमायची गरज पडणार नाही.

पाच. मोबदला अर्जाच्या संख्येवर नको. पीक पाहणीशी जुळलेल्या, बिनचूक अर्जावर तो द्यावा आणि वाजवी द्यावा. चाळीस रुपयांत कोणी तासभर समजावून सांगेल ही अपेक्षा अन्यायाची आहे. आपला घाम स्वस्तात मागणाऱ्यांशी आपण भांडतो, मग दुसऱ्याचा घाम फुकट मागू नये.

तोवर आपण काय करायचे

ठराव मंजूर होतील, निवेदने जातील, उत्तर येईल तेव्हा येईल. हंगाम थांबत नाही. तोवर एवढे करा.

आयुर्विम्याचा माणूस दारी आला तर त्याचे ओळखपत्र मागा. मागितल्यावर नेमणूकपत्र दाखवणे आणि विचारल्यावर कमिशन किती ते सांगणे हे २०१६ च्या नियमांनी त्याच्यावर बंधनकारक केले. विचारायला लाजू नका, तो उपकार करत नाही. पहिला हप्ता मी भरतो, कमिशन अर्धे तुम्हाला, असे म्हणणाऱ्याला परत पाठवा. कायद्याच्या ४१ व्या कलमाने ते मना आहे, आणि जो पहिल्याच दिवशी कायदा मोडतो तो दाव्याच्या दिवशी तुमच्या बाजूने उभा राहील असे समजू नका. पॉलिसी हातात आल्यावर वाचून घ्या. पटली नाही तर तीस दिवसांत परत करता येते, २०२४ च्या नियमांनी तशी मुभा दिली आहे. घरात शिकलेली सून असेल, कॉलेजात जाणारी मुलगी असेल, तिच्याकडून वाचून घ्या.

पीक विम्याचा अर्ज भरताना केंद्रावर चार प्रश्न विचारा. माझ्या मंडळाचे या पिकाचे उंबरठा उत्पादन किती? या हंगामात कोणकोणत्या जोखमी धरल्या आहेत? तक्रार कुठे करायची? आणि अर्जातले पीक व ई-पीक पाहणीतले पीक एकच आहे ना? उत्तर आले नाही तर पोराशी भांडू नका, त्यालाही कोणी सांगितलेले नाही. प्रश्न लिहून घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे एकत्र न्या. एकट्याने विचारलेला प्रश्न टेबलावर राहतो, पन्नास जणांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

आणि गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना एक सांगणे. दहावी-बारावी होऊन, पदवी घेऊन तुम्ही गावात बसून आहात. विम्याची परीक्षा मराठीतून देता येते. द्या, आणि तिथेच थांबू नका, पुढच्या परीक्षाही द्या. पऱ्हाटीत डवरा धरलेला, ज्वारीच्या खळ्यावर रात्र काढलेला माणूस विम्याची कलमे शिकला तर त्याच्या तोडीचा सल्लागार दुसरा मिळणार नाही. कंपन्यांना तुमची गरज आहे आणि गावाला त्याहून जास्त आहे. फक्त कार्डावर क्लबाचे नाव छापण्याची घाई करू नका. आधी मंडळाचे उंबरठा उत्पादन पाठ करा.

मेळाव्याला येताना गेल्या हंगामाची विम्याची पावती बरोबर आणा. दुपारच्या सत्रात गटागटाने बसून एकेक पावती वाचायची आहे.